नदीचं मूळ आणि आपलं कूळ : नाशिकमधले दोन दिवस

‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. नाशिकला मात्र ही दोन्ही कामं एकाच फेरीत होतात. गोदावरीचं मूळ त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. आणि कूळ गोदावरीकाठच्या रामकुंडाच्या आसपासच्या घरांत, तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांमध्ये.

मी हे लिहितेय ते अशा घरांसाठी, जिथे पणजोबांच्या पलीकडचं नाव कुणाला सांगता येत नाही. आमचंही जवळपास तसंच होतं. मूळ गाव खानदेशातलं, वडील नोकरीनिमित्त मुंबईला, आम्ही आणखी दूर. नाशिकशी संबंध म्हणाल तर आजोबा तिथे शिकायला होते, एवढाच. तरीही शनिवार-रविवारी आम्ही पाच जण, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या, आम्ही दोघं आणि दोन मुलं, नाशिकला गेलो आणि परत आलो तेव्हा वंशावळीत दोन पिढ्या वाढल्या होत्या. तुमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं असायलाच हवं असं नाही. यात्रेला, अस्थी घेऊन, सिंहस्थाला महाराष्ट्रभरातून लोक इथे येत राहिले आणि आल्यावर उपाध्यांच्या वहीत नाव घालून गेले.

फक्त एक गोष्ट आधी पक्की करा. दोन दिवसांत सगळं मिळत नाही, आणि मिळवायला जाऊही नये. सरकारी कागद महिन्याभरानंतरही निघतात. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन वही उघडायची संधी मात्र पुढे ढकलता येत नाही. म्हणून ही सहल त्या माणसाच्या पायांच्या बेतानं आखा. आमच्या बेतात आत्या मध्यभागी होती, बाकी सगळं तिच्याभोवती.

महिनाभर आधी : घरातल्या घरात

खरा शोध घरी होतो. तयारीशिवाय गेलात तर उपाध्ये विचारतील, ‘गाव कोणतं?’ आणि तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसाल.

पुढच्या गोष्टी एका कागदावर लिहून काढा: आडनाव, आणि पूर्वी वेगळं आडनाव लावत असाल तर तेही, मूळ गाव, तालुका, जिल्हा, जात-पोटजात, कुलदैवत, गोत्र किंवा देवक, जे माहीत असेल ते, आजोबा-पणजोबांची आणि त्यांच्या भावांची नावं. जात लिहायला अनेकांना अवघड वाटतं, पण वह्या आडनाव, गाव आणि जात यांवरूनच लावलेल्या असतात, तेव्हा विचारतील हे धरून चाला. भावांची नावं फार महत्त्वाची. ‘रामचंद्र’ पन्नास सापडतील, पण ज्याला गोविंद आणि विठ्ठल हे दोन भाऊ होते आणि जो अमुक गावचा होता असा रामचंद्र एकच सापडेल.

जिल्ह्याचं नाव लिहिताना जरा थांबा. कागदावर ‘पूर्व खानदेश’ असेल तर तो आजचा जळगाव. ‘पश्चिम खानदेश’ म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार मिळून. खानदेशाचे हे दोन भाग १९०६ मध्ये झाले, त्याआधीच्या नोंदीत नुसतंच ‘खानदेश’ येईल. ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यातच होतं. आमच्या घरात ‘गाव धुळ्याचं की नंदुरबारचं’ यावर वाद होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला हे कळल्यावर तो मिटला: दोघांचंही बरोबर होतं.

मग वडीलधाऱ्यांशी बोला. ‘आपल्या घराण्याचा इतिहास सांगा’ असं म्हणू नका, त्यावर माणसं गप्प होतात किंवा नेहमीची एकच गोष्ट सांगतात. छोटं, हाताला लागेल असं विचारा. लहानपणी पाणी कुठून आणायचे? लग्नात मुंडावळ्या कुणी बांधल्या? सुट्टीत कुणाकडे जायचात? घरात कुणाला कुणाचं नाव ठेवलं? आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत होती, त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव फिरत राहतं. हे ध्यानात ठेवलंत तर अर्धी वंशावळ अंदाजानं उभी राहते, आणि हे विसरलात तर दोन वेगळ्या माणसांना एक समजून बसाल. मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, पण विचारून करा. एका बैठकीला अर्ध्या तासावर जाऊ नका. आत्याला उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आठवायचं.

बायकांची नावं वेगळी विचारा. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून प्रत्येक आजी-पणजीची दोन नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं, आणि माहेरचं गाव. हे आज लिहिलं नाही तर पुढे कोणत्याच कागदात सहज मिळत नाही.

त्यानंतर ट्रंक. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मपत्रिका, जुनी लग्नपत्रिका, पेन्शनचे कागद, जुनं रेशनकार्ड, शेतसाऱ्याच्या पावत्या. आणि भांडी! भांड्यांवर घातलेली नावं म्हणजे घराण्याचं दप्तरच. घंगाळ, पिंप, तांब्या, समई, ताट, सगळं उलटंपालटं करून बघा. कुणाच्या लग्नात, कुणाच्या स्मरणार्थ, कोणत्या साली कुणी दिलं, हे ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं. चिंचेनं घासून, तिरप्या उजेडात धरून फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं दिसत नाहीत.

आमच्या देवघरात एक चांदीची छोटी वाटी आहे, बाळाला उष्टावणात देतात तशी. त्यात कित्येक वर्षं अक्षता असायच्या. तळाला तीन अक्षरांचं एक नाव, मुलीचं. घरात त्या नावाचं कुणीच नाही. दुकानदारानं चुकून दिली असेल, असं आई म्हणायची. मी फोटो काढून ठेवला.

आडनावाच्या गुंत्याबद्दल

आडनाव म्हणजे घराणं असं धरून चालू नका. जोशी, कुलकर्णी, देशमुख, पाटील, चौगुले ही कामावरून किंवा वतनावरून आलेली आडनावं, एकाच नावाची घराणी परस्परांच्या नात्यात असतीलच असं नाही. ‘कर’ लागलेलं आडनाव बहुतेकदा घराणं जे गाव सोडून आलं त्याचं असतं, आत्ता राहत असलेल्या गावाचं नसतं. एका घरातला एक भाऊ गावावरून आडनाव लावतो, दुसरा वतनावरून, आणि तिसऱ्या पिढीत दोन घरं एकमेकांना ओळखत नाहीत. तेव्हा ‘ऊर्फ’ दिसलं की खूश व्हा. तो शब्द दोन फाटक्या कागदांना जोडणारा टाका आहे.

तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे का, तेही विचारा. अनेक घराण्यांनी असे ग्रंथ काढलेत. त्यातली अलीकडची पानं विश्वासानं वापरा, मूळपुरुषाची पानं आदरानं वाचा आणि पडताळून घ्या.

जाण्याआधीच काढून ठेवायचे कागद

राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी तहसील कार्यालय, भूमी अभिलेख, नगर भूमापन सगळं बंद. नवख्या माणसांची इथे हमखास फसगत होते. कागद हवेच असतील तर शुक्रवारची रजा टाका, किंवा जेवढं घरबसल्या निघतं तेवढं आधी काढा.

घरबसल्या बरंच निघतं. गावी जमीन होती असं नुसतं ऐकून असलात तरी सातबाऱ्यापासून सुरुवात करा. शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर आजचा सातबारा दिसतो. त्याच्यावर फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात, आणि फेरफार हीच वंशावळीची किल्ली. ‘खातेदार अमुक हा मयत, त्याचे वारस पत्नी अमुक, मुलगे अमुक व अमुक, मुली अमुक’ असा मजकूर त्यात असतो. एक फेरफार वाचला की त्यातल्या मयताच्या नावानं त्याआधीचा शोधायचा, असं पायरी-पायरीनं मागे जायचं. जुन्या हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर कमी झालेली नावं कंसात दिसतात. ती वगळू नका, तीच आपल्याला हवी आहेत. स्कॅन केलेले जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या शासनाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतात. नाशिक, धुळे, ठाणे, अकोला, अमरावती हे जिल्हे त्यात आहेत.

इथे दोन खाचखळगे आहेत. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरण योजनेनंतर गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून जुना कागद काढायचा तर आधी आजच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर शोधावा लागतो. आणि मुलींची नावं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानंतरच्या वारसनोंदीत मुली दिसू लागतात, मग थोड्याच दिवसांत हक्कसोड पत्रात पुन्हा दिसतात. आमच्या तीन आत्या-आज्यांची सासरची नावं आणि गावं मला हक्कसोडीच्या एका फेरफारातच मिळाली. त्यांनी जमिनीवरचं नाव सोडलं, त्या कागदामुळे त्या आम्हाला सापडल्या.

जमीन नव्हतीच? मग शाळा. पणजोबा नाही तर आजोबा शाळेत गेले असतील. जुन्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यातल्या नोंदीचा ‘प्रवेश-निर्गम उतारा’ मिळतो: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, आधीची शाळा. मुख्याध्यापकांना आधी फोन, मग अर्ज. शिवाय तहसीलला गाव नमुना १४, म्हणजे कोतवालानं ठेवलेलं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. यातलं एक तरी तुमच्या घराला लागू पडेल. नक्कल मागताना ‘माझ्या पणजोबांचं काही आहे का’ असं विचारू नका. गावाचं नाव, अंदाजे साल आणि नमुन्याचा नंबर लिहा. कारकुनाला दप्तराचा रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडून काय काढायचं हे कळायला हवं.

वेळ असेल तर १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर, किंवा तुमच्या जिल्ह्याचं, महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर चाळा. आपलं नाव त्यात मिळणार नाही. पण गावात तेव्हा बाजार कधी भरायचा, कोणत्या रस्त्यानं माल जायचा, दुष्काळ कधी पडला हे कळलं की ‘पणजोबांनी गाव का सोडलं’ याचं उत्तर दिसायला लागतं.

सालांचा हिशेब

जुन्या नोंदींत इसवी सन क्वचित असतो. एका चिठ्ठीवर हे लिहून पाकिटात ठेवा. शके असेल तर ७८ मिळवा. शके १८०० म्हणजे १८७८-७९. वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या मित्यांना साधारण ७९ मिळवावे लागतात. फसली सन असेल तर ५९०. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. पेशवाईतल्या कागदांवरचा शुहूर सन असेल तर ५९९. आमच्या धाकट्याला ही बेरीज करायचं काम दिलं होतं. दोन्ही दिवस तो चिठ्ठी मुठीत धरून होता.

दुसरी अडचण मोडीची. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. तुम्हाला मोडी येत नसेल तरी हरकत नाही, उपाध्यांच्या घरात वाचणारं कुणीतरी असतं. पण आपल्या घराण्यातली चार-पाच नावं मोडीत कशी दिसतात हे आधी बघून ठेवलंत, तर बोट फिरवताना तुमचीच नजर तिथे थांबेल. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

उपाध्यांना आधी फोन

प्रत्येक घराण्याचे, प्रत्येक गावाचे उपाध्ये ठरलेले असतात. वडिलांकडून मुलाकडे वह्या जातात, वाटणीत गावंही वाटली जातात. म्हणून थेट रामकुंडावर जाऊन जो भेटेल त्याच्यामागे जाऊ नका. आधी नात्यातल्या ज्यांनी कुणाच्या अस्थी नाशिकला नेल्या असतील त्यांना विचारा, ‘कोणाकडे उतरला होतात?’ नव्वद टक्के उत्तर तिथेच मिळतं. नाही मिळालं तर रामकुंडाजवळच्या पुरोहितांना गाव आणि आडनाव सांगा. कोणत्या गावचे उपाध्ये कोण, हे त्यांना एकमेकांचं पाठ असतं.

फोनवर स्वच्छ सांगा: आम्हाला नामावळी, म्हणजे वहीतल्या आमच्या घराण्याच्या नोंदी, बघायची आहे, विधी करायचा आहे किंवा नाही, सोबत वयस्कर माणूस आहे, अमुक वेळ चालेल का. दक्षिणेचं त्याच वेळी विचारून घ्या, म्हणजे वही समोर असताना दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होत नाही. वह्या शोधून काढायला त्यांना वेळ लागतो, कधी पोटमाळ्यावरून, कधी चुलत घरातून आणावी लागते. चार दिवस आधी गाव कळवलंत तर वही काढून ठेवतात.

कधी जावं, कसं जावं

हिवाळ्यात जा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाचा परिसर पाण्याखाली जातो. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात. पितृपक्ष आणि अमावास्या टाळा, त्या दिवसांत उपाध्यांना श्वास घ्यायला सवड नसते. सिंहस्थाच्या पर्वण्याही टाळा. पुढचा सिंहस्थ २०२७ चा.

रेल्वेचं स्टेशन नाशिक रोड, तिथून जुनं नाशिक नऊ-दहा किलोमीटर. मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेस आहे, शिर्डीची वंदे भारतही थांबते. मुक्काम पंचवटीत किंवा रविवार कारंजाच्या आसपास करा, म्हातारं माणूस मधल्या वेळी खोलीवर जाऊन पडू शकेल इतक्या जवळ. लिफ्ट आहे ना, तेवढं विचारा.

शनिवार : वही

सकाळी लवकर, नऊच्या आत. एका दिवसाला हेच एक काम ठेवा.

आम्ही गेलो ते घर गंगेवरून दोन बोळ आत. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, पत्ता विचारताना हे उपयोगी पडतं. बाहेरच्या खोलीत सतरंजी, आत्यासाठी खुर्ची. उपाध्यांनी लाल कापडाचं बासन सोडलं, आतून लांबट, अरुंद वही निघाली. कडा तपकिरी झालेल्या, मधली पानं अजून पांढुरकी. आधी गावाचं पान शोधलं, मग आडनावाचं. एका नोंदीत काय असतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला विचारता येईल: आलेल्याचं नाव, बापाचं, आजाचं; भाऊ, चुलते, मुलगे; बऱ्याचदा बायको आणि मुली; गाव; कशासाठी आले; मिती; आणि लिहिता येत असेल तर आलेल्याच्या हातची सही.

उपाध्ये वाचत गेले तशी आत्या मान हलवत होती. पणजोबांचं नाव आलं. त्यांच्या वडिलांचं आलं, ते आम्हाला तोंडी माहीत होतं. मग त्यांचे वडील, मग आणखी एक, जे घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. आमच्या मोठ्या मुलीनं आपल्या वहीत पटापट लिहून घेतलं. नंतर उपाध्यांनी पानं पुढे उलटली आणि शके १८६१, कार्तिक वद्यातली नोंद काढली. धाकट्यानं चिठ्ठी बघून ‘एकोणीसशे एकोणचाळीस’ म्हटलं. ती माझ्या आजोबांची नोंद होती, पणजोबांच्या अस्थी घेऊन आले तेव्हाची. खाली त्यांची सही. बायकोचं नाव, माझ्या थोरल्या काकांचं नाव. आणि ‘मुलगी’ म्हणून तीन अक्षरं.

आत्याचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. मी मोबाईलमधला वाटीचा फोटो काढून तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘माझ्या आधीची. तीन वर्षांची होऊन गेली. आईनं कधी तिचं नाव काढलं नाही.’

म्हणून सांगते, वहीसमोर घाई करू नका. पुढचं पान उलटायला सांगण्याआधी बसलेल्या माणसाकडे बघा. एखाद्या घरात अशी नोंद निघते की तिथेच तासभर थांबावं लागतं, आणि तो तास हातात असला पाहिजे.

तिथे बसल्यावर करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. फोटो विचारून काढा. काही उपाध्ये फक्त तुमच्या नोंदीचा काढू देतात, आणि ते योग्यच आहे, शेजारच्या नोंदी दुसऱ्या घरांच्या आहेत. मोडी नोंदीचा फोटो काढला तरी वाचन तिथल्या तिथे उतरवून घ्या, आणि वाचणाऱ्याचा आवाजही रेकॉर्ड करा. ‘इथे नीट लागत नाही’ असं ते म्हणाले तर कागदावर प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाचं नाव पक्कं म्हणून लिहिलं की पुढच्या पिढीला ते खरंच वाटतं.

शेवटी तुमची नोंद घाला. आजवरच्या मृत्यूंच्या, लग्नांच्या, जन्मांच्या तारखा लिहून नेलेला कागद इथे लागतो. मुलींची, सुनांची, त्यांच्या माहेरच्या नावांसकट नावं सांगा. सांगितलीत तर लिहितात. आत्यानं आपली चारही भावंडं क्रमानं सांगितली. पहिलं नाव तिनं त्या तीन अक्षरांचंच घातलं. दोन्ही मुलांनी स्वतःच्या हातानं सह्या केल्या.

दुपारी काही ठेवू नका.

नोंद मिळाली नाही तर

असं होतं. वाटणीत वही दुसरीकडे गेलेली असते, वाळवी लागलेली असते, किंवा घराणं पंढरपूरला जाणारं असतं, नाशिकला नाही. पंढरपूर, त्र्यंबक आणि इतर क्षेत्रांच्या ठिकाणीही अशा नामावळ्या आहेत, आणि कुलदैवताच्या ठिकाणच्या पुजाऱ्यांकडे विचारणं केव्हाही चांगलं.

पण काही घरांना नोंद न मिळण्याचं कारण निराळं आहे, आणि ते नाशिकमध्ये उभं राहून बोललंच पाहिजे. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, कारण ते दार अस्पृश्य मानलेल्यांना बंद होतं. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्यांना दारात येऊ दिलं नाही त्यांचं कूळ तीर्थाच्या वह्यांत शोधणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. त्या घरांचा माग शाळेच्या रजिस्टरांत, कोतवाल बुकात, वतनाच्या कागदांत, सैन्याच्या, रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या नोकरीच्या नोंदींत लागतो. अशा घरानं नाशिकचे दोन दिवस काळारामचं पूर्वद्वार आणि येवल्याची मुक्तिभूमी असे काढावेत. पणजोबा त्या सत्याग्रहात होते असं घरात सांगत असतील तर त्यांच्या गावाहून कोण कोण आलं होतं ते वृद्धांना विचारून लिहून ठेवा.

ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरं फार नीट ठेवलेली असतात. नाशिकचं शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीनं एकोणिसाव्या शतकात वसवलेली वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. मुस्लिम घरांनी काझींच्या निकाहनोंदी आणि कब्रस्तानातले शिलालेख बघावेत. पूर्वज पेशव्यांच्या चाकरीत होते किंवा इनाम होतं असं ऐकलं असेल, तर पुण्याच्या पेशवे दप्तराचा वेगळा बेत करा. ते मोडी जाणणाऱ्याला सोबत घेऊन करायचं काम आहे, कुटुंबाच्या सहलीचं नाही.

रविवार : पायी जुनं नाशिक

सकाळी ऊन चढायच्या आत निघा. सराफ बाजारातला सरकारवाडा बाहेरून तरी बघा. पेशवाईतला वाडा कसा असायचा हे मुलांना तिथे एका नजरेत कळतं, आणि ‘वाड्यात राहायचे’ म्हणजे काय हे परत समजवावं लागत नाही. तिथून तांबट आळीत शिरा. तांब्या-पितळेवर ठोके पडताना ऐकू आले तर थांबा, तुमच्या घरचं घंगाळ अशाच एखाद्या आळीत घडलं असेल. गंगेकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा मुलांना दाखवा. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा.

आजोबा शिकत असताना तिवंधा चौकाजवळच्या एका वाड्यात राहत. आमच्याकडे त्यांनी घरी पाठवलेलं एक कार्ड होतं, त्यावर आळीचं नाव आणि घरमालकाचं आडनाव. अशा पत्त्यावर घर शोधायचं असेल तर मोबाईलचा नकाशा बंद करा आणि किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा देवळाच्या ओट्यावर बसलेल्या माणसांना विचारा. आडनाव सांगा, ‘जुना वाडा’ म्हणा. आम्हाला तिसऱ्या माणसानं बोळात नेऊन दाखवलं. वाडा पडून तीनमजली इमारत झालीय. पण पुढच्या बाजूला दगडी जोत्याचे चार चिरे तसेच आहेत, आणि त्यातल्या एकात घोडं बांधायची लोखंडी कडी. आत्या त्या चिऱ्यावर टेकली. धाकटा कडी वर-खाली करत राहिला. जुन्या घराचा मालकी इतिहास हवा असेल तर दारावरचा सिटी सर्व्हे नंबर टिपून घ्या, त्यावरून मालमत्ता पत्रक आणि नगर भूमापनाची चौकशी नोंदवही नंतर मागवता येते.

ज्यांच्या घरातलं माणूस प्रवासाला बरं असेल त्यांनी दुपारी त्र्यंबकला जावं. रविवारी देवळात मोठी रांग असते. आत्याला रांग झेपणार नाही म्हणून आम्ही देवळात गेलोच नाही. कुशावर्त कुंडावर बसलो आणि समोर ब्रह्मगिरी दिसत होता तेवढा बघितला.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळं एका पानावर आणा. सॉफ्टवेअर नंतर. मोठा कागद घ्या, मधोमध माहीत असलेली सर्वांत जुनी जोडी लिहा, आणि प्रत्येक नावाखाली ते कुठून कळलं ते दोन शब्दांत: वही, फेरफार, आत्या, घंगाळ. ज्या नावाखाली काही लिहिता येत नाही त्याला प्रश्नचिन्ह. मग त्या पानाचा फोटो नात्यातल्या सगळ्यांना पाठवा, रिकाम्या जागांसकट. पूर्ण झालेला कागद बघून माणसं हात जोडलेली चित्रं पाठवतात. रिकाम्या जागा आणि चुका बघून फोन करतात.

आमच्याकडे पहिला फोन नागपूरच्या चुलत काकांचा, सकाळी साडेसहाला. पणजीचं माहेरचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं. त्यांनी बरोबर सांगितलं, मग तिच्या भावांची नावं, मग ते कोणत्या गावाहून बैलगाडीनं यायचे ते, आणि मी पेन शोधत असताना पलीकडून म्हणाले, ‘झालं का लिहून? पुढचं सांगतो.’